घारीचे बाबा

थोरलीच्या घरी रंगकाम निघालं आणि त्या वासानं काटेसाहेबांना खोकल्याची उबळ येऊ लागली, म्हणून आठ दिवसांसाठी त्यांची रवानगी धाकटीकडे झाली. ते आपणहून गेले असं म्हणता येणार नाही. थोरलीनं बॅग भरली, जावयानं तिकीट काढलं आणि साहेब निमूटपणे खिडकीशी बसले.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. तराजूचा काटा केसभर कलला तरी दुकानदाराला घाम फोडणारा माणूस, म्हणून बाजारानंच त्यांना हे नाव चिकटवलं, आणि ते इतकं पक्कं बसलं की पुढे पोस्टमनही तेच नाव विचारत दारात येई. एवढ्या वर्षांत कुठल्या दुकानातला चहा त्यांनी कधी ओठाला लावला नाही. बारच्या तर पायरीलाही पाय लावला नव्हता. बारवाल्यांची मापं तपासायला शिपाई ती ऑफिसातच घेऊन येई. तेव्हा बार म्हणजे साहेबांच्या लेखी टेबलावर ओळीनं मांडलेली स्टीलची चिमुकली मापं, त्यापलीकडे काही नाही.

धाकटी बत्तीस वर्षांची. सहा वर्षांपासून या शहरात एकटी राहत होती. नातेवाईक विचारत, "धाकटी काय करते हो?" साहेब म्हणत, "क्रेनवर आहे," आणि लगेच पावसापाण्यावर येत. क्रेन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट उभी राही, रस्त्यात आडवी लावलेली गाडी आकड्याला अडकवून ओढत नेणारी मोटार. भर चौकात लोकांच्या शिव्या खात गाड्या उचलायच्या, हे काय मुलीनं करायचं काम! पण तिला त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं. विचारलंही काही नव्हतं. विचारपूस हे खातं बायकोचं होतं, आणि ती जाऊन सात वर्षं झाली होती.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला धाकटी कामावरून आली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "चला बाबा, जेवायला खालच्याकडे जाऊ."

"इतक्या लवकर? आणि खालच्याकडे म्हणजे कुणाकडे?"

"खानावळीसारखंच आहे हो. मला सडकून भूक लागलीय. चला."

तिच्या खोलीत एकच शेगडी होती आणि तिच्यावर चहाची किटली सोडून दुसरं काही चढत असेल असं वाटत नव्हतं, त्यामुळे साहेबांनी टोपी घातली. दोन गल्ल्या ओलांडल्यावर एक धोब्याचं दुकान आणि एक किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान यांच्या मधोमध सात पायऱ्या खाली उतरत होत्या. शेवटच्या पायरीशी हिरवं दार. वरच्या चौकटीला जुन्या रजईचा तुकडा खिळ्यांनी ठोकला होता.

"डोकं सांभाळा," धाकटी म्हणाली, आणि साहेबांचं डोकं त्या रजईवर मऊपणे आपटलं.

आत गेल्यावर आधी ऊब जाणवली. मग कांदा परतल्याचा वास. मग हळूहळू नजर सरावली. छत इतकं खाली की हात उंचावला असता तर टेकला असता, आणि त्याचा रंग चहाच्या जुन्या डागासारखा. सात-आठ दिवे होते आणि प्रत्येकाची टोपी वेगळी. एक झालरीची, एक फुलाफुलांची, एक चक्क उपडं घातलेलं पातेलं. लोकांनी आपापल्या घरचे जुने दिवे आणून लावले होते म्हणे. समोर एकाच अखंड फळीचा लांबलचक ओटा, आणि त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर खळगे पडलेले. साहेबांना आधी कळेना हे काय. मग दिसलं की प्रत्येक खळग्यात कुणाचं ना कुणाचं कोपर बसलं आहे. नुसत्या कोपरांनी लाकूड झिजायला किती वर्षं लागत असतील? ओट्यावर एका वाडग्यात दहा-बारा चष्मे पडले होते. एका म्हाताऱ्यानं त्यातला एक उचलला, पेपर वाचला आणि परत टाकला. म्हणजे चष्मेसुद्धा सार्वजनिक!

आणि मग साहेबांना ओट्यामागच्या बाटल्या दिसल्या.

"बाळ," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हा बार आहे."

"हो बाबा."

"तू रोज बारमध्ये जेवतेस?"

"रोज नाही. रविवारी बंद असतो."

साहेब यावर काही बोलणार, तोच कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "घार आली रे!" आणि सगळ्या माना दाराकडे वळल्या. साहेबांच्या कपाळाची शीर ताठली. पोरीला घार म्हणतात? डोळ्यांवरून म्हणावं तर हिचे डोळे काळेभोर. पण धाकटीनं मान हलवून सगळ्यांना हसून दाखवलं आणि बाबांना हाताला धरून ओट्यापाशी नेलं.

ओट्यामागे एक पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई उभी होती. मालकीण तीच, पण तिला सगळे वहिनी म्हणत. कुणाची वहिनी हे आता कुणालाच आठवत नव्हतं. तिनं धाकटीला काही विचारलं नाही. पाण्यानं काठोकाठ भरलेला जग तिच्यापुढे ठेवला, पेला नाही की काही नाही. धाकटीनं तो तसाच तोंडाला लावला आणि घटाघटा अर्धा संपवला, मग श्वास घेतला आणि उरलेलाही संपवला. साहेब बघतच राहिले. घरी हिला पाणी पी म्हणून मागे लागावं लागायचं.

"हे माझे बाबा," धाकटी तोंड पुसत म्हणाली.

"बसा की," वहिनी म्हणाली. "सूप आहे, पाव आहे, अंडी आहेत. तुम्हाला लिंबू सोडा देऊ? तोंडावरून वाटतंय तुम्ही पिणाऱ्यांतले नाही."

साहेब स्टुलाच्या कडेवर बसले. बसल्यासारखे बसले एवढंच. शेजारी कवळ्या बनवणारा एक किडकिडीत गृहस्थ होता. त्यानं नुसतं बोट वर केलं. वहिनीनं बाटली उचलली, पेल्यात धार सोडली, मनगट वळवलं, बाटली खाली. तोवर ती दुसऱ्याशी बोलतही होती.

इतका वेळ साहेबांनी जिभेला आवर घातला होता, पण एकतीस वर्षांची सवय उफाळून आलीच.

"माप कुठाय?"

ते काही मोठ्यानं बोलले नव्हते, पण खोली लहान होती. गप्पा थांबल्या. कोपऱ्यात लोकर विणत बसलेल्या एका आजींच्या सुयाही थांबल्या.

"बाबा," धाकटी पुटपुटली.

"माप न वापरता ओतणं हा गुन्हा आहे," साहेब म्हणाले. मागे हटायची सवय नव्हती. "मी खात्यात होतो."

वहिनीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मागे वळून खिळ्याला टांगलेलं माप काढलं, फडक्यानं पुसलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "घ्या तपासून. मी पेल्यात ओतते, तुम्ही मापात घाला."

साहेबांनी खिसे चाचपले. चष्मा खोलीवरच राहिला होता. मागचापुढचा विचार न करता त्यांनी वाडग्यातला एक उचलून नाकावर चढवला आणि मापाच्या बुडाचा शिक्का आधी पाहिला. शिक्का खरा होता. मग वहिनीनं ओतलं, साहेबांनी ते थेंबही न सांडता मापात घातलं आणि डोळा रेषेच्या पातळीवर आणून वाकले. साठ. बरोबर साठ.

"पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा साठ. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम उभट पेला मागितला, कारण उभट पेल्यात भल्याभल्यांची नजर फसते. साठ. मग तीस सांगितलं. वहिनीनं या वेळी मान फिरवली, आजींना विचारलं, "कितवा हातमोजा हा?" आणि बोलता बोलता ओतलं. तीस.

साहेब सरळ झाले. घसा खाकरून, तपासणीच्या वहीवर सही करताना काढायचे त्याच आवाजात म्हणाले, "बरोबर आहे."

सगळ्या खोलीनं टाळ्या पिटल्या. कवळीवाल्यानं त्यांची पाठ थोपटली. साहेबांना मात्र ते ऐकूच आलं नाही. ते वहिनीच्या मनगटाकडे बघत होते. हजारो तराजू पाहिले, यंत्रं पाहिली, परदेशातून आलेले काचेच्या पेटीतले काटे पाहिले. पण असलं काही पाहिलं नव्हतं.

"एकतीस वर्षांत मी हे पाहिलं नाही," ते म्हणाले. "कसं करता?"

"हाताला कळतं. त्यात काय मोठंसं?" वहिनी सूप वाढत म्हणाली. "तुमच्या घरात एवढा हात असताना माझं कसलं कौतुक करता? घारीचा हात नाही पाहिलात?"

"तिचा? नाही." साहेब जरा ओशाळले. "आमच्या गावी तिची गाडी येत नाही ना."

"कसली गाडी?"

"क्रेनची."

धाकटीचा चमचा वाडग्यावरच थांबला. "बाबा, तुम्हाला काय वाटतं, मी काय करते?"

"गाड्या उचलतेस ना? चौकात लावलेल्या."

आजी फिस्सकन हसल्या आणि बांध फुटला. कवळीवाला ओट्यावर मूठ आपटून हसला. धाकटी तर इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी तिनं जरा जास्तच वेळ पुसलं. ते पाहून हसणारे गप्प झाले.

कोपऱ्यातून एक माणूस उठून आला. मघाशी 'घार आली रे' म्हणून ओरडला तो हाच. साठीला आलेला, गळ्यात मफलर, आवाज घोगरा, तळहात फावड्याएवढे. त्याला सगळे सिग्नलवाला म्हणत. साहेबांच्या शेजारचं स्टूल ओढून तो बसला.

"साहेब, ती उंच इमारतीच्या क्रेनवर आहे. मनोऱ्यासारखा लोखंडी खांब असतो आणि वर लांब आडवा हात. त्या खांबाच्या शेंड्याला काचेची एक खोली, आपल्या मोरीएवढी. ती त्यात बसते. मी जिथं माल उतरवायचा तिथं उभा राहतो आणि तिला सांगतो, इतकं डावीकडे, इतकं खाली. वरून तिला माणसं मुंगीएवढी दिसतात. आम्ही तिला घार उगीच म्हणत नाही."

साहेबांनी स्टूल त्याच्याकडे वळवलं.

"गेल्या थंडीतली गोष्ट सांगतो. भिंतीचा तयार तुकडा वर चढवत होतो. सिमेंटचा, अख्खा, खिडकीसकट. वर चौघं जण तो बसवायला उभे. अर्ध्यावर असताना वारा सुटला. सकाळी पान हलत नव्हतं, आणि एकदम असा सुटला की माझी टोपी गेली ती आजतागायत मिळाली नाही. तेवढ्यात माझा वायरलेस बंद. तुकडा लागला झोके घ्यायला. खाली सोडावा तर खाली माणसं, वर घ्यावा तर वर माणसं."

सगळ्यांनी ही गोष्ट वीस वेळा ऐकली असणार, कारण कवळीवाल्याचे ओठ बरोबरीनं हलत होते. पण कुणी मधे बोललं नाही. सिग्नलवाल्यानं आजींकडून लोकरीचा धागा मागून घेतला, त्याला चमचा बांधला आणि तो झुलवला.

"हे बघा. नवशिका काय करतो? झोका इकडे गेला की धागा तिकडे ओढतो. झोका आणखी वाढतो. आणि हिनं काय केलं? झोका जिकडे जातोय तिकडेच, त्याच्या मागोमाग, हात नेला. असा. झोका टोकाला पोचला की धागा बरोबर त्याच्या डोक्यावर." चमचा हवेत एकाएकी स्थिर झाला. "झोका पकडला की झाला गप्प. पण वारा पुन्हा ढकलतो. पुन्हा पकडायचा. चाळीस मिनिटं, साहेब. चाळीस मिनिटं ती पकडत होती. मग वाऱ्यानं जरा उसंत दिली तेव्हा तिनं तो तुकडा चौघांच्या मधोमध टेकवला. मी शेजारी उभा होतो. आवाज झाला नाही. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतात ना, तसा ठेवला."

त्यानं चमचा सोडवला आणि धागा आजींना परत दिला. "त्या चौघांत माझा जावई होता."

ओट्यामागे वहिनीनं गॅस बारीक केला. सुपाचा खदखदाट थांबला.

"वजन किती होतं?" साहेबांनी विचारलं. दुसरं काही त्यांना विचारता येईना.

"साडेतीन टन."

पस्तीस लाख ग्रॅम. आयुष्यभर ज्यानं ग्रॅमसाठी लोकांशी भांडणं केली, त्या माणसाच्या डोक्यात तो आकडा शिरेना. दारात अडकलेल्या कपाटासारखा अडून राहिला.

"आणि उंची?"

"एकशेचाळीस मीटर," या वेळी उत्तर धाकटीनं दिलं. ती सुपातच बघत होती.

"वर जातेस कशी?"

"शिडीनं."

"रोज?"

"रोज. अर्धा तास लागतो."

"आणि तिथं पाणीबिणी?"

धाकटी गोंधळली. तिच्याऐवजी वहिनी म्हणाली, "पीत नाही ती. वर बाथरूमची सोय कुठाय? एका खेपेला उतरून परत चढायचं म्हणजे तास जातो, तोवर खाली सगळं काम ठप्प. म्हणून आली की आधी जग ठेवते."

साहेबांनी रिकाम्या जगाकडे पाहिलं. मग त्यांनी धाकटीचा हात हातात घेतला आणि उलटा केला. तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, शिडीच्या लोखंडानं पाडलेले घट्टे होते. लहानपणी याच हाताला धरून ते तिला रस्ता ओलांडून देत. त्यानंतर हा हात त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, बाबा." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "आणि तुम्हाला जिन्यावरूनसुद्धा खाली बघवत नाही. म्हटलं, उगाच झोप उडेल."

ते खरं होतं. साहेबांनी मान हलवली.

"इथून दिसते का ती क्रेन?" त्यांनी विचारलं.

"पायऱ्या चढल्या की दिसते," सिग्नलवाला म्हणाला, आणि उठला. मग कवळीवाला उठला. आजींनी विणकाम काखेत मारलं. वहिनीनं पळी ठेवून पदराला हात पुसले. बघता बघता सगळा बार पायऱ्या चढून गल्लीत येऊन उभा राहिला. काहींच्या हातात पेले तसेच.

दिवस नुकता मावळत होता. धोब्याच्या दुकानावरच्या पाण्याच्या टाक्यांमागे, घरांच्या छपरांच्या कितीतरी वर, आकाशाला टेकलेली एक बारीक काळी रेघ होती. तिच्या टोकाला लाल दिवा. साहेबांची टोपी मागे पडली तरी त्यांची नजर शेंड्याला पोचेना. आणि तो आडवा हात संथपणे फिरत होता.

"फिरतेय ती!" साहेब घाबरून म्हणाले. "बंद करायची विसरलीस की काय?"

"नाही बाबा. काम संपलं की मोकळी सोडायची असते. वारा जिकडे नेईल तिकडे तिनं वळायचं. बांधून ठेवली तर मोडते."

साहेब बराच वेळ वर पाहत राहिले. कुणी घाई केली नाही. कवळीवाल्यानं त्यांची टोपी उचलून, झटकून स्वतःच्या हातात धरून ठेवली. गल्लीतून जाणारी एक बाई थांबली, सगळे काय बघताहेत म्हणून तिनंही वर पाहिलं आणि निघून गेली. रोजचं काय बघायचं, असा तिचा चेहरा होता. या माणसांनाही ते रोजचंच होतं. तरी ती सगळी वर बघत उभी होती, एका पाहुण्याच्या सोबतीला.

परत आत येताना साहेब रजईखालून बेतानं वाकले. ते आपल्या स्टुलाकडे निघाले तशी आजींनी बाकावर जागा केली. "घारीचे बाबा, इथं या. इकडे शेगडीची ऊब लागते."

काटेसाहेब म्हणून उभा जन्म गेला होता. या नव्या नावानं कुणी पहिल्यांदाच हाक मारली, आणि त्यांनी 'ओ' दिली. सूप गरम होतं. त्यांनी दोन वाडगे संपवले. मग कवळीवाल्यानं कवळीच्या दातांचं माप कसं घेतात ते सांगायला घेतलं, आणि साहेबांनी इतके बारीक प्रश्न विचारले की शेवटी त्यानं खिशातून एक नमुनाच काढून ओट्यावर ठेवला. धाकटी लांबून दोघांकडे बघत होती. बाबा एवढं बोलतात हे तिलाही नवीन होतं.

सकाळी सात वाजता ते तिच्याबरोबर कामावर गेले. सिग्नलवाल्यानं त्यांच्या डोक्यावर पिवळं शिरस्त्राण चढवलं आणि फाटकाच्या आत, रेघ आखलेल्या जागी उभं केलं. धाकटी शिडी चढू लागली. आधी ती त्यांची मुलगी होती, मग एक निळा सदरा, मग एक ठिपका, आणि मग तिथं नुसतं लोखंड आणि आकाश उरलं. साहेबांचा जीव टांगणीला लागला. पण त्यांनी मान खाली घातली नाही.

अर्ध्या तासानं सिग्नलवाल्याच्या हातातला वायरलेस खरखरला. त्यानं तो साहेबांच्या तोंडापुढे धरला.

"बाबा, दिसतेय का मी?"

"नाही ग," साहेब खरं ते म्हणाले.

"मला तुम्ही दिसताय."

साहेबांचा हात आपोआप वर जाऊ लागला. सिग्नलवाल्यानं तो चटकन धरला. "हात नका करू साहेब. हात वर म्हणजे 'थांब'. आत्ता तिनं सुरुवात केलीय."

वर कुठंतरी मोटार घरघरली आणि तो प्रचंड लोखंडी हात आभाळात वळू लागला. काटेसाहेबांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले, आणि मान वर करून ते उभे राहिले.